मुंगीच्या दोन उंच्या

गोष्ट २०१८ सालची आहे. त्या साली मी लहान मुलांची उंची मोजायची एक जुनी फळी होते. आता मी नुसतीच फळी आहे. मित्रांनो, मधल्या काळात काय घडलं तेवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे. मी म्हातारी आहे, त्यामुळे जरा मागून सुरुवात करते.

एका मोडलेल्या कपाटाच्या पाठीतून सुतारकाकांनी मला घडवलं. बुटांच्या कारखान्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि तिथे नर्स म्हणून एक कोवळी मुलगी नुकतीच रुजू झाली होती. तीच मला बनवून घ्यायला आली होती.

"केवढी हवी?" सुतारकाकांनी विचारलं.

"मूल मावेल एवढी."

"मूल केवढं आहे?"

"अहो काका, तेच तर मोजायचंय!"

सुतारकाका इतके हसले की त्यांच्या कानावरची पेन्सिल खाली पडली. मग त्यांनी मला मुलांच्या सहा-सात वर्षांपर्यंत पुरेल एवढी लांब केली. एका टोकाला एक आडवी पट्टी घट्ट ठोकली. दुसरी पट्टी माझ्या अंगावरून सरकेल अशी बसवली. कडेला काळ्या रंगाने आकडे काढले. शेवटचा आकडा एकशे वीस. मला वाचता येतं ते एवढंच, माझ्या अंगावरचे आकडे.

लहान बाळाला माझ्यावर निजवायचे. आई डोकं घट्ट पट्टीला टेकवून धरायची, सिस्टर एका हाताने गुडघे हलकेच दाबायची आणि दुसऱ्या हाताने सरकती पट्टी तळव्यांपर्यंत आणायची. बाळ आकांत करायचं. माझ्या अंगावर किती जणांनी पाणी सोडलं त्याची गणतीच नाही. मी आतून कुजले कशी नाही याचं मलाच नवल वाटतं. मोठं मूल असलं की मला भिंतीला उभी करायचे. मग ज्या पट्टीला डोकं टेकायचं तिथे पाय यायचे आणि सरकती पट्टी डोक्यावर उतरायची.

त्या गल्लीत एक रीत होती. पोराचं डोकं माझ्या वरच्या टोकापलीकडे गेलं की सिस्टर माझ्यावर बोटाने टकटक करायची आणि म्हणायची, "ओलांडली रे फळी! आता इकडे फिरकू नकोस." ते पोर गल्लीभर मिरवायचं. पुढे पुढे मोठी माणसंही तसं बोलू लागली. कोणाला नोकरी लागली, कोणाचं लग्न ठरलं, की म्हणायचे, "चला, फळी ओलांडली एकदाची." मला ओलांडून जाण्यात सगळ्यांना आनंद होता आणि त्या आनंदात माझाही वाटा होता.

दर वर्षअखेरीला सिस्टर अडीच वर्षांच्या मुलांची सरासरी उंची खडूने दारावर लिहायची. मग दाराशी बायकांची परिषद भरायची.

"ही सरासरी म्हणजे कोणाची गं?"

"कोणाचीच नाही. सगळ्यांची मिळून."

"मग जी कोणाचीच नाही तिच्या शेजारी माझ्या पोराला कशाला उभं करतेस?"

"तुझं पोर तिच्यावर आहे म्हणून तोरा बघ हिचा!"

भांडणं तेव्हाही होती, मित्रांनो. आकड्यावरून माणसं भांडायचीच. पण भांडणारीच्या कडेवर ते मूल असायचं. शंका आली की ती आत यायची, म्हणायची, "घ्या, परत मोजा." सिस्टर परत मोजायची. तिथे भांडण संपायचं आणि चहा सुरू व्हायचा.

सिस्टरने लग्न केलं नाही. तिच्या बहिणीचा मुलगा जन्मला तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्यावर निजला. इतका लांबलचक होता की सिस्टर म्हणाली, "हा काय पोरगा आहे की पडद्याची काठी?" तेव्हापासून त्याचं नाव लंबू पडलं. शाळेत जायच्या आधीच त्याने मला ओलांडलं. असो, त्याच्याकडे येईनच.

मग कारखाना बंद पडला. एका दुपारी भोंगा झाला नाही आणि पुढे कधीच झाला नाही. हळूहळू मला जाणवू लागलं की सरकती पट्टी पूर्वीपेक्षा अलीकडेच थांबते आहे. दोन रेघा, तीन रेघा. सिस्टरलाही ते दिसत होतं. ती नगरसमितीकडे अर्ज घेऊन जायची आणि चपला झिजवून परत यायची. अखेर तिच्या केसांत पांढरं दिसू लागल्यावर समितीने मान्य केलं. गल्लीतल्या प्रत्येक लहान मुलाला रोज एक पेला दूध. त्या दिवशी सिस्टर रिकाम्या खोलीत माझ्यासमोर उभी राहून रडली.

दूध सुरू झालं त्याच महिन्यात वरून एक सूचना आली. आमच्याकडे तीन वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना निजवूनच मोजत, कारण ती ताठ, स्थिर उभी राहतच नाहीत. आता दोन वर्षांवरच्या मुलाला उभं करून मोजायचं, असं ठरलं. सिस्टरने तसं करायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत ते तिच्या अंगवळणी पडलं. पण मित्रांनो, माणूस निजला की जरा लांब भरतो आणि उभा राहिला की स्वतःच्याच भाराने जरा दबतो. लहान मुलात हा फरक असतो सात मिलिमीटरचा, तांदळाच्या एका दाण्याएवढा. नगरसमितीच्या कार्यालयाकडे गेलेल्या सूचनेत, असं मला नंतर कळलं, लिहिलं होतं की तेवढी भर कार्यालयाने घालावी. कार्यालयाने घातली नाही. अहवालाच्या शेवटच्या पानावर मात्र बारीक अक्षरांत एक ओळ छापली, की मापनाची पद्धत बदलली आहे. ती ओळ कोणी वाचली नाही. सिस्टरनेही नाही. मला तो फरक पाठीवर कळत होता, पण फळीला तोंड नसतं.

२०१८ साल उजाडलं. लंबू आता बाप्या झाला होता. दिवसा एका कचेरीत काम करायचा आणि संध्याकाळी इंटरनेटवर शहराच्या आकड्यांचे आलेख टाकायचा. पाण्याचे, भाड्याचे, रोजगाराचे. बरीच माणसं ते बघायची. नगरसमिती दुधाचा खर्च कापणार अशी कुजबुज कानावर आली तेव्हा मावशीला मदत करायची म्हणून त्याने अहवालातले उंचीचे आकडे घेतले आणि रेघ काढली. त्याला वाटलं होतं की दूध सुरू झाल्यावर रेघ वर जाईल. रेघ नेमकी तिथेच खाली आली.

पोरगा प्रामाणिक होता. त्याने ती लपवली नाही. खाली लिहिलं, "दूध सुरू झालं त्या वर्षी मुलांची उंची घटलेली दिसते. असं का झालं असेल?" त्याला खरंच उत्तर हवं होतं. पण प्रश्न तिथेच राहिला आणि रेघ एकटीच गावभर हिंडायला निघाली.

आठवड्याभरात दवाखान्यात रांगेत बसलेल्या प्रत्येक आईच्या हातातल्या फोनवर ती रेघ होती. मुलं मांडीवर किरकिरत होती आणि त्यांच्या आया मोठ्याने वाचत होत्या.

"हा म्हणतो, दुधानेच पोरं खुजी होतात. याने डॉक्टर लावलंय नावापुढे."

"कशाचा डॉक्टर?"

"ते नाही लिहिलेलं."

"हे ऐक. बाहेरून राहायला आलेल्यांची पोरंच बुटकी असतात म्हणे."

"म्हणजे आपणच की गं!"

"आणि हा एक. या हिशेबाने आणखी काही पिढ्यांनी आपली पोरं अंगठ्याएवढी होणार."

"बरंच आहे. कपडे स्वस्त पडतील."

बायका हसल्या. त्यांत गल्लीच्या तोंडाशी कपडे इस्त्री करणारी एक बाई होती. तिची मुलगी तीन वर्षांना जरा कमी होती. इवलीशी, आणि एका जागी म्हणून ठरायची नाही. तिला सगळे मुंगी म्हणत. इस्त्रीवाली हसली नाही. तिने फोन सिस्टरपुढे धरला.

"सिस्टर, इथे लिहिलंय तुम्ही दूध विकता."

"कोणाला विकते ते विचार आणि मलाही सांग," सिस्टर म्हणाली. "निदान पैसे तरी मागून घेईन."

पण तिचा आवाज कोरडा होता.

कोणी त्या आलेखाचा शून्याकडचा खालचा भाग कापून टाकला, तेव्हा तांदळाएवढी उतरण कड्यासारखी दिसू लागली. कोणी शेजारी दुसरी कसलीशी रेघ काढून दोघींचं लग्न लावलं. दुधाच्या बाजूने भांडणारेही कमी नव्हते. ते म्हणत, उंची घटली याचा अर्थ ठेकेदार दुधात पाणी घालतो. दोन्ही बाजूंना ती उतरण हवीच होती. फक्त तिच्यावर कोणाला टांगायचं, एवढाच वाद होता. शिकली-सवरलेली माणसं होती, मित्रांनो. कोणाचं मन वाईट होतं असंही मी म्हणणार नाही. पण माझ्यापर्यंत एकही आला नाही. दवाखान्याचं दार दिवसभर उघडं असायचं.

मला सर्वांत वाईट वाटलं ते वेगळंच. सिस्टरलाही ते खरं वाटू लागलं. दवाखाना बंद करताना ती माझ्यापाशी थांबायची, सरकती पट्टी उगाच वरखाली करायची. "एवढी वर्षं पाजतेय," ती म्हणायची. "मग गेलं कुठे सगळं?"

समितीची बैठक ठरली. दूध चालू ठेवायचं की बंद करायचं, हे त्या बैठकीत ठरणार होतं. लंबू तोंड पाडून दवाखान्यात आला.

"ये, पडद्याची काठी," सिस्टर म्हणाली. "आणखी काही काढायचंय का माझं?"

"मावशी, मी तुझ्यासाठीच केलं गं."

"माहीत आहे. शत्रूने केलं असतं तर उत्तर तरी देता आलं असतं."

तेवढ्यात मुंगी दूध पिऊन, पांढऱ्या मिशा घेऊन आत आली. त्या दिवशी तिची मोजणी राहिली होती. पण ती उभी राहीना. मी भिंतीजवळ आडवी पडले होते, ती येऊन माझ्यावरच पसरली आणि डोळे घट्ट मिटून म्हणाली, "मी झोपले."

"झोप बाई," सिस्टर म्हणाली. तिच्यात वाद घालायचं त्राणच नव्हतं. तिने जुन्या सवयीने गुडघे दाबले आणि पट्टी सरकवली. आकडा पुटपुटली. लंबूने तो मागच्या महिन्याच्या आकड्याशेजारी ठेवून पाहिला.

"मावशी, महिन्यात एवढी वाढली?"

"छे. मूल आहे की दुधी भोपळा? पाहू."

तिने मुंगीला उचलून मला उभं केलं आणि तिला माझ्याशी टेकवलं. आकडा खाली आला. परत निजवलं. वर गेला. परत उभी केली. खाली. सिस्टर एकदम जमिनीवर बसली.

"उभं करून..." ती म्हणाली. "अरे, आपण उभं करून मोजायला लागलो ना!"

लंबूने अहवाल उघडला, शेवटच्या पानावर गेला आणि ती बारीक ओळ त्याने बोटाने दाबून धरली, जणू ती पळून जाणार होती. मग त्याने राहिलेली भर घालून रेघ पुन्हा काढली. रेघ वर गेली. दुधाच्या वर्षापासून हळूहळू, पण वर. मावशी-भाचे वेड्यासारखे हसायला लागले. मुंगी मात्र वैतागली.

"झोपू की उभी लाहू? एकदा थांगा ना!"

माझ्या आयुष्यातला तो शेवटचा आनंदाचा दिवस. लंबूने फोनवर सगळं चित्रित केलं. आधी निजवून, मग उभं करून, मग शांतपणे समजावून सांगितलं, की चूक कुठे झाली आणि ती आपणच कशी पाहिली नाही. इस्त्रीवालीची परवानगी घेतली. ती म्हणाली, "घाला की. दूध चालू राहत असेल तर माझीही उंची मोजा." लंबूने ते सगळं इंटरनेटवर टाकलं. त्याला वाटलं, आता तरी वाद मिटेल.

त्यातला समजावण्याचा भाग कोणीतरी कापून टाकला. उरला एवढाच तुकडा: सिस्टर एका मुलीला निजवते, एक आकडा सांगते, उभी करते, दुसरा आकडा सांगते, आणि हसते. वर मथळा आला, "एकाच मुलीच्या दोन उंच्या! बाईंना हवी ती घ्या."

तो तुकडा रेघेपेक्षाही लांब गेला. मग कोणीतरी शोधून काढलं की आलेख काढणारा आणि मोजणारी यांचं नातं काय आहे. "मावशीचा भाचाच निघाला! घरचाच मामला." आदल्या दिवसापर्यंत ज्याची रेघ सगळे पुरावा म्हणून मिरवत होते, तोच आता खोटारडा ठरला. त्याची ती पहिली, खाली आलेली रेघ मात्र लोकांच्या लेखी खरीच राहिली. आणि दुधाच्या बाजूचे जे लोक ठेकेदाराला धारेवर धरत होते, त्यांनाही हे सात मिलिमीटर नको होते. एकाने लंबूला लिहिलं, "आमची बाजू कमकुवत करू नकोस." लंबू एकेकाला उत्तर देत बसला. एका उत्तरावर दहा जण यायचे. शेवटी त्याला कोणी उत्तरही देईना, नुसती हसणारी तोंडं पाठवायला लागले.

बैठकीआधी समितीचे अध्यक्ष एकदा दवाखान्यात आले. दारातच उभे राहिले.

"सिस्टर, तुमचं खरं असेलही," ते म्हणाले. "पण लोकांना दोन आकडे दिसलेत."

"साहेब, मूल एकच आहे ना? या, आत या. तुमच्या हाताने मोजून बघा."

"मी मोजलं तर म्हणतील साहेबही सामील."

"मग कोणी मोजायचं?"

अध्यक्षांनी फोनकडे पाहिलं. "तज्ज्ञांचं मत मागवू. तोवर दूध थांबवू. वाद मिटला की सुरू करू."

उंबऱ्यापासून मी चार पावलांवर होते. ते चार पावलं आले नाहीत.

बैठकीत तसंच ठरलं. पुढच्या सोमवारी मुलं आपापले पेले घेऊन आली. सिस्टर दारात उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, "आज नाही, राजा." मुंगीने पेला उलटा करून टोपीसारखा डोक्यावर घातला आणि विचारलं, "उद्या?"

आता कोणाचं काय झालं ते सांगते. तज्ज्ञांचं मत खूप उशिरा आलं. मोजणी बरोबर होती, दुधाचा उपयोग झाला होता, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तोवर वाद दुसऱ्याच कशावर तरी गेला होता. ते मत कोणी वाचलं नाही, आणि दूधही पुन्हा सुरू झालं नाही. अध्यक्ष आणखी वरच्या खुर्चीवर गेले. तुकडा कापणारा कोण होता ते कधीच कळलं नाही. बहुधा त्याच्याही ते लक्षात नसेल. तो तुकडा मात्र अजून जिवंत आहे. अधूनमधून परत येतो आणि दर वेळी त्याखाली निराळ्याच गावाचं नाव असतं.

सिस्टरची बदली दुसऱ्या गावी औषधांच्या कोठारात झाली. तिथे मुलं नव्हती, खोकी होती. तिथूनच ती निवृत्त झाली. दृष्टी अधू झाली आहे म्हणे. लंबूने आलेख काढणं सोडलं. तो एका गोदामात मालाची नोंद ठेवतो. कोणी त्याला फोनवर कसली रेघ दाखवली की तो एवढंच विचारतो, "निजवून की उभं करून?" लोकांना वाटतं, याचं डोकं फिरलं आहे. सुतारकाका फार पूर्वीच गेले. त्यांना हे बघावं लागलं नाही.

दवाखान्यात आकडा आपोआप दाखवणारं यंत्र आलं. ते काही महिन्यांत बिघडलं आणि मग मोजणीच बंद झाली. आता त्या गल्लीतल्या मुलांच्या उंचीवर कोणी भांडत नाही, कारण आकडाच नाही. मला भंगारात काढलं तेव्हा इस्त्रीवालीने मागून घेतलं. दिवसा मी तिच्या दुकानात दोन विटांवर आडवी असते. माझ्यावर लोकांच्या कपड्यांच्या गरम घड्या रचलेल्या असतात. सरकती पट्टी कुठेतरी हरवली. आकडे पुसट झाले आहेत, पण वाचता येतात.

मित्रांनो, आकडा बघून राग आला तर जरूर रागवा. पण त्याआधी एकदा विचारा, कोणी मोजलं, कशावर मोजलं, मूल निजलं होतं की उभं होतं. आणि उत्तर ऐकायला चार पावलं चालत जा. प्रत्येक रेघेच्या टोकाला एक पोर आहे आणि ते पेला घेऊन उभं आहे. माझं हे सांगणं कोणी ऐकेल, अशी आशा मला फारशी उरलेली नाही. तरी सांगते. फळीला दुसरं काय येतं?

परवा दुकान रिकामं होतं. मुंगी आता नऊ वर्षांची आहे. तिने मला विटांवरून उचललं आणि भिंतीला उभं केलं. तळवे पट्टीला टेकवले, पाठ माझ्याशी जुळवली, डोक्यावर हात सपाट धरला आणि वळून पाहिलं. नऊ वर्षांच्या मुलीचं डोकं माझ्या पलीकडे केव्हाच जायला हवं. तिचा हात माझ्या अंगावरच होता.

"आई, एकशे सतरा," ती म्हणाली. "हे चांगलं आहे का गं?"

इस्त्रीवालीने मान वर केली नाही. "कोणाला माहीत, बाई. आकडे सगळे खोटेच असतात म्हणे."

खोटा नव्हता, मित्रांनो. तिची पाठ माझ्या पाठीला टेकलेली होती.